थकीत वेतन : एकट्याची विनवणी आणि सर्वांचा एकत्रित दावा

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहानमोठे शेकडो गाळे आहेत. एखाद्या सोमवारी सकाळी कामगार कामावर येतात आणि गाळ्याला कुलूप असते. शेठचा फोन लागत नाही. दोन महिन्यांचा पगार, ओव्हरटाइमचे पैसे, बोनस आणि पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, सारेच अडकते. पहिल्या आठवड्यात सर्वजण एकत्र उभे राहतात. दुसऱ्या आठवड्यात निम्मे दुसरे काम शोधू लागतात. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी शेठच्या घरी जाऊन गुपचूप पाच हजार रुपये घेऊन येतो व कोऱ्या कागदावर सही करून देतो. महिन्याने दारात उभा राहतो तो एकटाच, आणि त्याला उत्तर मिळते, ‘पुढच्या सोमवारी या.’

हे चित्र आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. काहींनी ते दारात उभे राहून अनुभवले आहे, तर काहींनी दाराच्या आतल्या बाजूने. त्याकडे आपण पुढे येऊच. प्रथम कायद्याची बाजू पाहू, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र शासनाच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आणि थकलेली मजुरी मागण्याच्या मार्गात बरेच बदल झाले. त्यांपैकी वेतन संहिता संसदेने २०१९ सालीच संमत केली होती. ती सहा वर्षे कागदावरच पडून होती. १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम, १९४८ चा किमान वेतन अधिनियम, १९६५ चा बोनस अधिनियम आणि १९७६ चा समान वेतन अधिनियम हे चारही कायदे या एका संहितेने मागे घेतले आहेत.

मात्र पगार वेळेवर मिळावा ही मागणी यापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि ती मराठी मुलखातच प्रथम संघटितपणे मांडली गेली. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या परळ भागात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी कामगारांच्या मागण्यांचे निवेदन तयार केले व त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी ही त्यातील मागणी आज सर्वांना आठवते. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती मात्र विस्मरणात गेली आहे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी मिळावा, असे त्या कामगारांचे म्हणणे होते. म्हणजे त्या काळी पंधरा तारखेला पगार होणे हीसुद्धा मागून घ्यावी लागणारी सवलत होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बळ मिळण्यास १९३६ साल उजाडावे लागले. एक हजारांपेक्षा कमी कामगार असतील तेथे सात तारीख आणि अन्यत्र दहा तारीख, असे त्या कायद्याने ठरविले. नव्या संहितेत मासिक पगारासाठी सर्वत्र सात तारीख आहे. रोजंदारीच्या मजुराला पाळी संपताच, आठवड्याने मजुरी घेणाऱ्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि काम सोडले, कामावरून काढले किंवा कारखाना बंद पडला तर दोन कामकाजाच्या दिवसांत सर्व हिशेब चुकता करावा, अशी तरतूद आहे.

नियम असे स्पष्ट असूनही मजुरी बुडते, त्याची कारणे समजून घेणे आवश्यक आहे. पहिले कारण रकमेचे आहे. एका कामगाराचे अडकलेले तीस-चाळीस हजार रुपये त्याच्या घरासाठी फार मोठे असतात. परंतु वकिलाची फी, तारखांसाठी बुडणारे रोज आणि प्रवासखर्च यांचा हिशेब मांडला की दावा लावणे परवडत नाही. मालकाला हे गणित पक्के ठाऊक असते. चाळीस कामगारांचे तेच पैसे एकत्र केले तर ती रक्कम सोळा लाखांपर्यंत जाते आणि मग मालकालाही वकील शोधावा लागतो. दुसरे कारण पुराव्याचे. एकटा कामगार म्हणतो की मी तेथे काम करीत होतो, आणि मालक म्हणतो की मी याला ओळखत नाही. चाळीस माणसे परस्परांसाठी साक्ष देऊ लागली की हे नाकारणे अवघड होते. तिसरे कारण भीतीचे आहे आणि ते कागदावर येत नाही. जो एकटा तक्रार करतो त्याचे नाव साऱ्या औद्योगिक वसाहतीत होते. मग पुढच्या गाळ्यातही त्याला कोणी उभे करीत नाही.

या तिन्ही अडचणींवर एकत्रित अर्ज हा इलाज आहे, आणि तो कायद्याला मान्य आहे. १९३६ च्या कायद्यातही एकाच आस्थापनेतील, एकाच मुदतीचे वेतन थकलेल्या कामगारांचा गट एकच अर्ज करू शकत असे. वेतन संहितेच्या कलम ४५ ने ही तरतूद अधिक सोपी केली आहे. एका आस्थापनेतील कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. तो कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती संघटना करू शकते, किंवा शासनाचा निरीक्षक करू शकतो. अर्जाची मुदत तीन वर्षे आहे. जुन्या किमान वेतन कायद्याखाली ही मुदत केवळ सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिने होती. ‘शेठ देईल, देईल’ म्हणत वाट पाहणाऱ्या किती कामगारांचे दावे या मुदतीपायी फुकट गेले असतील, याची मोजदाद कोणीही केलेली नाही.

आणखी दोन बदल महत्त्वाचे आहेत. जुना वेतन प्रदान कायदा महिना चोवीस हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच लागू होता. संहितेत अशी मर्यादा नाही, आणि देखरेख करणारे किंवा व्यवस्थापकीय काम करणारे कर्मचारीही तिच्या व्याख्येत येतात. दुसरा बदल पुराव्याच्या ओझ्याचा. पगार दिला नाही असा दावा झाल्यावर तो दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. प्राधिकाऱ्याला मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर करता येते. आदेश होऊनही मालकाने पैसे भरले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो व जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. थकबाकी हेतुपुरस्सर ठेवणाऱ्या मालकावर खटलाही होऊ शकतो. त्यात पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकते.

कागदावर हे सर्व चांगले आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र दोन ठिकाणी शंका वाटते. अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा ‘प्रयत्न करावा’ असे संहिता म्हणते. प्रयत्न या शब्दात सरकारी कचेरीत किती वर्षे मावतात हे आपण जाणतो. आणि ज्या निरीक्षकाच्या भेटीची पूर्वी कारखानदारांना थोडीतरी धास्ती असे, तो आता निरीक्षक आणि सुविधादाता अशा दुहेरी नावाने ओळखला जातो. मालकाला सल्ला देणे हेही त्याचे काम ठरले आहे. लहान गाळ्यांवरील देखरेख आधीच विरळ होती. अशा स्थितीत कामगारांचा स्वतःचा एकत्रित अर्ज हाच खरा आधार उरतो.

ठेकेदारीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. इमारतीचे काम असो की मोठ्या कंपनीतील साफसफाई, मजुरी देणारा मुकादम वेगळा, त्याच्यावर ठेकेदार आणि त्याच्याही वर खरा मालक. पैसे बुडाले की प्रत्येकजण वरच्याकडे बोट दाखवितो. या साखळीचा सर्वोच्च न्यायालयाने घेतलेला समाचार आजही वाचण्याजोगा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडांगणे व उड्डाणपूल बांधले जात होते. ठेकेदार प्रत्येक मजुरामागे दिवसाला सव्वानऊ रुपये किमान वेतन जमादाराच्या हाती देत आणि जमादार त्यातून एक रुपया दलाली कापून मजुराला सव्वाआठ रुपये देत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायालयाला पत्र लिहिले व त्या पत्रालाच याचिका मानण्यात आले. न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठबिगारी होय. पोटाची भूकसुद्धा माणसाला सक्तीने राबवू शकते, हा त्या निकालाचा गाभा. मजुरी मध्यस्थांच्या हातातून न जाता थेट मजुरांना मिळावी असेही न्यायालयाने बजावले. आणि ठेकेदाराने कायदा मोडला तर काम करवून घेणारे शासन हात झटकू शकत नाही, असे ठरविले. एका रुपयाचा तो दावा होता. एकट्या मजुराने तो एक रुपया मागितला असता तर त्याची हजेरीच बंद झाली असती.

त्याच वर्षी आपल्या वसई तालुक्यात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना सुरू केली. सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या आदिवासींना वेठबिगारीतून सोडविणे आणि त्यांना किमान वेतन मिळवून देणे हे तिचे आरंभीचे काम. त्यांच्या हाती १९७६ चा वेठबिगार मुक्ती कायदा होता; तो शासनाच्या दप्तरात सहा वर्षांपासून होताच, फक्त त्याचा आधार घेऊन एकत्र उभे राहणारे कोणी नव्हते. १९९९ साली पंडित दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेचा पुरस्कार मिळाला. तो काळ पाहिलेले ज्येष्ठ लोक आपल्या धर्मग्रामांत आजही आहेत, आणि त्या वेळी आपल्यापैकी काहीजण कोणत्या बाजूला होते हेही त्यांना ठाऊक आहे.

येथवर आपण मालक जागेवर आहे असे धरून चाललो. मालकाची कंपनीच बुडाली तर काय, हा आजच्या काळातील अधिक कठीण प्रश्न आहे. जेट एअरवेजचे उदाहरण मुंबई व उपनगरांतील अनेक ख्रिस्ती घरांना जवळून माहीत आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी या कंपनीचे शेवटचे विमान उडाले. त्यापूर्वीच काही महिन्यांचे पगार थकले होते आणि हजारो कर्मचारी एका रात्रीत घरी बसले. जून २०१९ मध्ये प्रकरण नादारी व दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले. जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक या गटाची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली. तिच्यात कामगारांच्या वाट्याला येणारी रक्कम त्यांच्या थकबाकीच्या मानाने अगदी तुटपुंजी होती. कामगार-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध अपील केले. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अपील न्यायाधिकरणाने आदेश दिला की भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांची देणी पूर्ण द्यावी लागतील. ती कंपनीची मालमत्ता नव्हेच. ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

हा विजय मोठा होता. परंतु योजना पुढे सरकलीच नाही. खरेदीदार गटाने ठरलेले पैसे वेळेत भरले नाहीत आणि अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकार वापरून कंपनीच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागविण्याचा, आदेश दिला. गटाने भरलेले दोनशे कोटी रुपये जप्त झाले. विमाने थांबल्यापासून तोवर साडेपाच वर्षे उलटली होती. या काळात कुणाची मुले शाळेतून कॉलेजात गेली, कुणी रिक्षा घेतली, कुणी आखातात गेले, तर काहींनी या जगाचा निरोप घेतला.

अवसायनात पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे आणि कामगारांनी तो नीट समजून घ्यावा. प्रक्रियेचा खर्च सर्वांत आधी. त्यानंतर कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका, हे दोघे एकाच पायरीवर. त्याखाली ‘कामगार’ या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची बारा महिन्यांची देणी. म्हणजे एकाच कंपनीत एकाच छताखाली काम करणारा यंत्रज्ञ आणि त्याचा पर्यवेक्षक वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतात. अशा वेळी दोघांनी वेगवेगळ्या वकिलांकडे जाऊन एकमेकांवर संशय घेणे सोपे असते, आणि तसे घडतेही.

कामगाराला बँकेच्या पायरीवर बसविण्यामागेही मोठा संघर्ष आहे. कंपनी बुडविण्याच्या खटल्यात कामगारांचे म्हणणे ऐकण्याची गरजच नाही, असे पूर्वी मानले जाई. नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरविले की कामगारांना तेथे बोलण्याचा अधिकार आहे. त्यानंतर १९८५ साली संसदेने कंपनी कायद्यात दुरुस्ती करून कामगारांच्या देण्यांना तारण कर्जाच्या बरोबरीचे स्थान दिले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ते चोवीस महिन्यांपुरते राखले.

याच संहितेखाली आणखी एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर आपल्या विषयाच्या मर्माला हात घालणारे आहे. कानपूरच्या जुग्गीलाल कमलापत ज्यूट मिलला वर्षानुवर्षे टाळे लागत होते आणि निघत होते. २०१४ साली ती अखेरची बंद पडली. २०१७ मध्ये तेथील मजदूर मोर्चाने सुमारे तीन हजार कामगारांच्या वतीने थकबाकीची नोटीस दिली आणि दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायाधिकरण म्हणाले की संघटनेला कंपनीने काही सेवेचे पैसे द्यायचे नाहीत, तेव्हा ती धनको नव्हे. प्रत्येक कामगाराने आपापला अर्ज करावा. तीन हजार कामगारांनी तीन हजार अर्ज करावेत, तीन हजार वेळा शुल्क भरावे, असा त्याचा अर्थ. अपीलातही तेच झाले. ३० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही निर्णय रद्द केले. नोंदणीकृत कामगार संघटना आपल्या सभासदांच्या वतीने असा अर्ज करू शकते, असे न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने सांगितले. पुढे मार्च २०२० मध्ये अशा अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. तेव्हापासून एकट्या कामगारासाठी ते दार जवळजवळ बंदच आहे. त्यातून आत जायचे तर अनेकांनी मिळूनच जावे लागते.

२०२२ साली एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या खटल्यातून एक इशाराही मिळाला. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असताना ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्यांचेच त्या काळातील वेतन प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे सर्वांत आधी, धरले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. इतरांचे वेतन खालच्या पायरीवर. म्हणून कंपनी अशा अवस्थेत गेल्यावरही कामावर बोलाविले जात असेल तर हजेरीची नोंद, गेटपासची प्रत, कामाचे आदेश जपून ठेवणे फार गरजेचे ठरते.

आखातातील आपल्या बांधवांविषयी थोडेसे. २०१६ साली सौदी अरेबियातील बांधकाम कंपन्यांकडे हजारो भारतीयांचे अनेक महिन्यांचे पगार अडकले व जेद्दाहच्या छावण्यांत अन्नाचीही टंचाई झाली. तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी कामगारांना परतण्याआधी आपले दावे तेथील यंत्रणेकडे नोंदवून येण्यास सांगितले होते. हा सल्ला आजही लाखमोलाचा आहे. नुसते विमान पकडून घरी आलेल्या माणसाला येथून दावा चालविणे फार कठीण जाते.

आता ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीकडे वळू. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे व त्याचा जीव तिच्यावर लागून आहे, हा नियम जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. रोजंदारी पाळी संपताच द्यावी, या नव्या संहितेतील तरतुदीशी त्याचे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वराकडे ओरड करते, असे संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांना बजावतात. कॅथलिक धर्मशिक्षणात स्वर्गाकडे न्याय मागणाऱ्या पापांची जी छोटी यादी आहे, तिच्यात खुनाबरोबर मजुराच्या मजुरीबाबतचा अन्यायही आहे. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्र प्रसिद्ध केले. न्याय्य वेतन, रविवारची विश्रांती आणि कामगारांचा संघटित होण्याचा हक्क यांचा त्यात पुरस्कार आहे. लोखंडे यांच्या रविवारला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्राचा मुद्दाम उल्लेख केला. आणि १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा जो भेद केला आहे, तो ठेकेदारीच्या साखळीला चपखल लागू पडतो. कामाच्या अटी ज्यांच्या निर्णयांनी ठरतात ते सर्वजण, त्यांनी मजुराला कधी पाहिलेही नसेल तरी, जबाबदारीत सहभागी आहेत.

येथे आपण स्वतःकडे पाहणे टाळू शकत नाही. आपल्यापैकी पुष्कळजण आज मालक किंवा अप्रत्यक्ष मालक आहेत. वाडीत फुले तोडायला, भाजीला पाणी द्यायला आदिवासी स्त्रीपुरुष येतात. घराचा मजला चढविताना ठेकेदाराचे मजूर येतात. ठेकेदार ‘पैसे अजून मिळाले नाहीत’ असे मजुरांना सांगतो तेव्हा कधीकधी ते खरे असते, कारण आपणच शेवटचा हप्ता रोखून धरलेला असतो. स्लॅबला गळती आहे म्हणून ठेकेदाराचे बिल अडविणे आपल्याला योग्यच वाटते. पण त्या अडविलेल्या पैशांत विटा वाहणाऱ्या बाईचा रोजही अडकला आहे, हे आपण विचारीत नाही. घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईची स्थिती तर सर्वांत नाजूक. घर म्हणजे आस्थापना नव्हे, असे कायदा आजवर मानीत आला आहे. त्यामुळे तिला कलम ४५ चा मार्ग सहजी मिळत नाही. राज्यात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, परंतु थकलेला पगार वसूल करून देणे हे त्याचे काम नव्हे.

ख्रिस्तसभेच्या संस्थाही वेतन देणाऱ्या आहेत. शाळा, दवाखाने, वसतिगृहे चालविताना अनुदान उशिरा येते, देणग्या आटतात, हे मान्य आहे. तरीही विनाअनुदानित तुकडीच्या शिक्षकाला किंवा शिपायाला ‘सेवा समजून थांबा’ असे सांगणे आणि त्याचा पगार पुढे ढकलणे या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला होता. त्यामुळे त्या कायद्याची वाट शिक्षकांना बंद झाली. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत मात्र संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून शिक्षकांना १९९७ पासून हक्क दिला व २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. खासगी शाळांच्या संघटनांनी या दुरुस्तीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

शेवटी, ज्यांचा पगार आज अडकला आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. गाळा बंद होताच पहिल्या आठवड्यातच, सर्वजण हाताशी असताना, एका वहीत प्रत्येकाचे नाव, कामाला लागल्याची तारीख, पगाराचा दर, थकलेले महिने व रक्कम लिहून प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्यावा. परप्रांतीय सहकाऱ्यांचे गावचे पत्ते व फोन क्रमांक त्याच वेळी टिपून घ्यावेत. ते गावी निघून गेले की साक्षीदारही गेले. बँकेचे पासबुक, हजेरीकार्ड, ओळखपत्र, मुकादमाचे मोबाइलवरील संदेश, अगदी गणवेशावरील कंपनीच्या नावाचे छायाचित्रसुद्धा उपयोगी पडते. कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ अशा कागदावर पैसे हाती येईपर्यंत सही करू नये. थोडी रक्कम घ्यावीच लागली तर पावतीवर ‘थकबाकीपैकी आंशिक’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहावेत. संघटना नोंदविण्यास किमान सात सभासद लागतात. मात्र वेतनाच्या एकत्रित अर्जासाठी संघटना असलीच पाहिजे असे नाही. वकिलाचा खर्च हे कारण तर सर्वांना लागू होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो.

नव्या संहितांच्या संक्रमणकाळात जुन्या कायद्यांचे नियम व व्यवस्था आवश्यक तेथे चालू राहतील, असे शासनाने त्या लागू करताना जाहीर केले होते. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ पूर्वीची थकबाकी असल्यास कोणत्या कायद्याखाली व कोणत्या मुदतीत अर्ज करायचा, हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा विधी सेवा समितीच्या वकिलाकडे आधी विचारून घ्यावे. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, वकील व कामगार संघटनांत काम केलेली माणसे आहेत. महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर त्यांच्यापैकी दोघे-तिघे सभागृहात टेबल मांडून बसले, तर चाळीस जणांची ती यादी व्यवस्थित लिहून काढण्यास दोन तास पुरतात. यादीत वालीवच्या गाळ्यातला ओडिशाचा किंवा उत्तर प्रदेशचा कामगार आला, तर तो कोणत्या धर्माचा हे विचारण्याची गरज नाही. फक्त त्याचे किती महिने थकले आहेत एवढेच विचारावे.